अर्ध्या डोक्याने बांधलेला बस्ता

लातूर,
गुरुवार, दुपार (शाळेला सुट्टी, माधवराव झोपलेले)

ती. दादास,

सौदामिनीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरचाच गोड मानून घे. खाली वाकलं की डाव्या भुवईच्या आत कोणीतरी दार ठोठावतं.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर काबूत आहे, की अजून 'नुसती चव बघितली' म्हणत अर्धं ताट बर्फी संपवतात? गॅलरीतली कबुतरं गेली का, का आता तुम्हीच घर बदलणार? आम्ही इकडे खुशाल आहोत. हे वाक्य पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहिलं, खरी हकीकत पुढे येईलच.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारणार. तर दादा, तू फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतोस, आणि मग तुझा दूधवाला, शेजारच्या काकू, गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूस असे सगळे मिळून माझं बोलणं ऐकतात आणि आपापला सल्ला देतात. मागच्या खेपेला तुझ्या दूधवाल्याने सांगितलं म्हणून मी नाकात शेळीचं तूप सोडलं आणि सातवीच्या वर्गात कविता शिकवताना अशा शिंका दिल्या की पहिल्या बाकावरच्या पोरी दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. व्हॉट्सॲपवर लिहावं तर मोबाइलच्या उजेडाने माझं डोकं उठतं. शिवाय मामला गुप्त आहे. म्हणून परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांवर लिहून राहिले. (कोऱ्या आहेत, कोणाचे मार्क कापून आणलेल्या नाहीत.) वाचून झालं की फाडून टाक, आणि वहिनींना सांगायचं तर हळू आवाजात सांग.

आता मुद्दा. माझी अर्धशिशी तुला ठाऊक आहे, पण मृण्मयीच्या लग्नातली गोष्ट मी तुझ्याशी कधी धड बोललेच नाही. त्या दिवशी सकाळीच डोळ्यांपुढे त्या नागमोडी, चमचमत्या रेघा नाचायला लागल्या. ज्यांना हा त्रास नाही त्यांना त्या रेघा सांगून कळायच्या नाहीत. ज्यांना आहे त्यांना नुसत्या आठवणीनेच मळमळतं. मुहूर्ताच्या वेळी तू मामा म्हणून मृण्मयीला बोहल्याकडे घेऊन गेलास आणि मी कार्यालयाच्या मागच्या खोलीत कपाळावर ओला टॉवेल घेऊन पडले होते. भिंतीपलीकडे मंगलाष्टकं चालली होती. वहिनी धावत आल्या, माझ्या मुठीत अक्षता कोंबल्या आणि परत पळाल्या. भटजी 'सावधान' म्हणाले तशी मी त्या अक्षता समोरच्या भिंतीवर टाकल्या. पोटच्या पोरीच्या लग्नात आईने भिंतीवर अक्षता टाकल्या, दादा! अल्बममध्ये एकाही फोटोत मी नाही. मृण्मयीची लेक अल्बम उघडते आणि विचारते, आजी, तुला बोलावलं नव्हतं का गं? त्या पोरीला काय सांगू? तेव्हाच ठरवलं होतं की धाकट्या उर्वीचं लग्न मी दोन्ही डोळ्यांनी बघणार. आकाश पाताळ एक झालं तरी बघणार.

तर उर्वीचं ठरलं, हे तुला माहीत आहे. मुलगा अमरेश, दोघंही पुण्यात एकाच ऑफिसात, आपसांत आधीच ठरवून मग आम्हाला 'विचारलं'. मुलगा गुणाचा आहे, हसतो चांगला, ताटात काही टाकत नाही. वडील गुरुपादप्पा, उदगीरच्या मोंढ्यात त्यांची आडत. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. पण त्यांच्या मंडळी, कमलम्मा! पहिल्या बैठकीला आमच्याकडे आल्या त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या. माधवरावांनी पाहुण्यांसाठी म्हणून मुद्दाम उंची उदबत्ती लावली होती, ती विझवायला लावली. मी चिवड्यावर खोबऱ्याचे काप सजवले होते, त्यांनी दोन पोहे उचलून ताटली सरकवून दिली. सगळा वेळ अर्ध्या कपाळावर पदर ओढून गप्प. मी मनात म्हटलं, झालं! लेक उदगीरच्या किल्ल्यात पडली. (उदबत्ती विझल्यावर मला स्वतःला केवढं बरं वाटलं होतं, पण ते कबूल कोण करणार?)

त्या गेल्या तसा माधवरावांनी फतवा काढला: लग्न लागेस्तोवर या घरात 'डोकं' हा शब्द काढायचा नाही. त्यांचं म्हणणं, लातूरहून 'आईचं डोकं दुखतं' एवढं निघालं की नळेगावात त्याचं 'डोक्याचा आजार' होतो आणि उदगीरला पोचेस्तोवर मला दाव्याने बांधून ठेवलेलं असतं. पुढचा प्रश्न ठरलेला, आईचं लेकीत उतरतं का हो? म्हणून तोंडाला कुलूप. तेव्हापासून मला आमच्या घरात दुखण्याचीही चोरी. दुखलं की मी 'जरा पडते' म्हणायचं आणि माधवरावांनी 'पड, पड' म्हणत पडदे ओढायचे, पण कारण विचारायचं नाही. दुखायला लागल्यावर घ्यायची गोळी आहे, पण ती घेतली की मी दिवसभर पेंगते. पेंगत लग्न बघायचं तर मग भिंत काय वाईट होती? म्हणून मी ठरवलं की दुखूच द्यायचं नाही.

गेले नव्या डॉक्टरांकडे. माणूस शांत. त्यांनी सांगितलं की मॅग्नेशियम आणि रिबोफ्लेविन, म्हणजे बी-टू, रोज घेऊन बघा. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, दोन-तीन महिने धीर धरायचा, आणि मला विचारल्याशिवाय दुसरं काही चालू करायचं नाही. मग म्हणाले, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळेवर जेवा आणि वेळेवर झोपा. उपास करता का? मी म्हटलं, फारसे नाही. (त्या दिवशी गुरुवार होता आणि पोटात सकाळच्या भगरीचे चार घास होते. संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवार मी 'फारसे' या शब्दात बसवले.) घरी येताना त्यांच्या बोलण्यातल्या गोळ्या तेवढ्या लक्षात राहिल्या, बाकीचं रिक्षातच राहिलं.

बी-टूची गोळी घेतली त्याच दिवशी, सांगायला लाज वाटते, पण तू सख्खा भाऊ आहेस म्हणून सांगते, बाथरूममधून ओरडत बाहेर आले. असला पिवळाधमक रंग मी उर्वीच्या हळदीच्या साडीसाठी शोधत होते! कावीळ झाली म्हणून मी रडायला लागले, माधवराव कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता शोधायला लागले. शेवटी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या लुंबिनी मॅडमना फोन केला. ती पोटभर हसली आणि म्हणाली, "मॅडम, ते जीवनसत्त्व जास्तीचं झालं की तसंच बाहेर पडतं. तुम्ही सोन्यासारख्या आहात, आता कळलं ना?" हिच्या जिभेला हाड नाही, पण मनाने लाखात एक.

इथपर्यंत ठीक होतं. पुढची आपल्या घराण्याची रीत तुला ठाऊक आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना आपल्यात कोणी रिकाम्या हाताने जात नाही. औषध घेऊन जातात. आणि दिलेलं औषध घेतलं नाही तर देणाऱ्याचा मान जातो, तो पुढच्या कार्यात फुगून बसतो. लग्न तोंडावर असताना कोणाला फुगवून चालेल? मृण्मयीने बंगळूरहून मन शांत ठेवणारी पूड पाठवली, ती पाण्यात टाकली की फसफसते. मोठ्या जाऊबाईंनी हाडांच्या गोळ्या आणल्या, कारण त्यांच्या मते बायकांची सगळी दुखणी हाडातून निघतात. माधवरावांच्या ऑफिसातले जुने मित्र हल्ली गोळ्या विकायच्या कसल्याशा साखळीत शिरलेत, त्यांनी शांत झोपेच्या 'नैसर्गिक' कॅप्सूल दिल्या आणि जाताना माधवरावांनाही साखळीत ओढायला बघत होते. उर्वीने कुठल्याशा विलायती पाल्याच्या गोळ्या मागवल्या. लुंबिनी म्हणाली ते झाड शेवंतीच्या कुळातलं आहे. म्हणजे देवाला वाहायच्या फुलांचं भावंड मी पाण्याबरोबर गिळत होते. उर्वी आणखी एक मुळी मागवणार होती, पण त्या मुळीचं नाव ऐकताच डॉक्टरांनी लिव्हरचं असं काही वर्णन केलं की ती बेत सोडूनच बसली. सगळेजण फोन करून एकच विचारत, घेतलं का? आणि मी खोटं बोलत नाही, उपासाचं सोडून. म्हणून सगळ्यांचं सगळं घेत गेले.

शिवाय आपला घरचा धर्म होताच. सुंठेचा लेप, धण्याचं पाणी, आणि सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी. आईने तुला-मला सांगितलेला हा एकच उपाय असा की घेताना रडू येत नाही. पण दादा, सूर्य उगवायच्या आत जिलेबी तळणारा हलवाई लातुरात मिळेल तर शपथ! म्हणून माधवराव आदल्या संध्याकाळी आणून ठेवत. एकट्या बाईने अंधारात बसून जिलेबी खाणं बरं दिसत नाही म्हणून ते सोबतीला बसत. मी एक कडं खायची, ते सोबत म्हणून उरलेली खायचे. माझं डोकं होतं तिथेच राहिलं. माधवरावांची लग्नासाठी शिवलेली सलवार मात्र शिंप्याकडे परत गेली. (शिंपी म्हणाला, साहेब, कापड आटलं. भला माणूस आहे.)

आता बस्त्याचा दिवस. तुला माहीतच आहे, बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींनी दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसून लग्नाचं सगळं कापड एकत्र काढायचं. विहिणीची साडी विहिणीने निवडायची, ती पुढे मानाने नेसवायची. आणि बस्त्यातून मधेच उठायचं नाही. मधेच उठणं म्हणजे समोरच्याची पसंती पसंत नाही, असा अर्थ लावणारे लोक दोन्हीकडे असतात. आपल्या मावसभावाच्या, रमेशच्या बस्त्यात मावशी पाणी प्यायला म्हणून उठल्या आणि सोयरीक मोडता मोडता राहिली, आठवतं ना? म्हणून मी निश्चय केला होता की छत कोसळलं तरी गादी सोडायची नाही. उदगीरचं दुकान, तीन मजली, नवं. एवढा वेळ उजेडात बसायचं म्हणून सकाळी निघताना मी सगळ्या डब्यांतली मात्रा जोडीने घेतली. मृण्मयीची पूड दोन चमचे, हाडांच्या दोन, झोपेच्या दोन, डॉक्टरांची एकाऐवजी दोन. रस्त्यात जळजळलं म्हणून ॲसिडिटीचं पातळ औषधही दोन झाकणं. म्हटलं, आज डोक्याला आत शिरायला फटच ठेवायची नाही.

दुकानात काय सांगू! छताला पांढरे दिवे असे की सावलीलाही बसायला जागा नाही. चारी भिंतींना आरसे. कोपऱ्यात अत्तराचा फवारा आपोआप फुस्स करणारं यंत्र. पोरं साड्या हवेत फेकून अंगावर उलगडत होती आणि प्रत्येक जर डोळ्यात टोचत होती. मी नजर गादीवर ठेवून 'छान, छान' म्हणत होते. समोर कमलम्मा पदर भुवईपर्यंत ओढून, दगडासारख्या. मी काढलेल्या एकाही साडीकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. मला वाटलं, हिला माझी निवड गावंढळ वाटून राहिली. आणि तेवढ्यात, दादा, डोक्याने नाही, पोटाने दगा दिला. आतून असा काही गडगडाट झाला की साडीवाल्याने वर छताकडे पाहिलं. मी सोसलं. आणखी सोसलं. देवाचं नाव घेतलं. मग पोरीची सोयरीक, घराण्याची इज्जत, मावशीचं पाणी, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मी उठले. उठले म्हणजे पळालेच.

परत आले तर गादीवर कमलम्मा नाहीत! गुरुपादप्पा आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलेले. माधवराव पांढरे पडलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू उठलीस तशा त्याही ताडकन उठल्या. आता काय करायचं?" उर्वी पुण्याहून येणार होती तिची गाडी उशिरा होती, ती आली की मी पोरीला कुठल्या तोंडाने सांगू की तुझं लग्न तुझ्या आईच्या पोटाने मोडलं? साडीच्या घडीत हात घालून बसलेल्या अमरेशने तोंड माझ्याकडे वळवलं तेव्हा मला रडूच फुटलं. मी म्हटलं, पाय धरीन, पण समजावून आणीन. दुकानातल्या पोरीने मागच्या गोडाऊनकडे बोट दाखवलं.

गोडाऊनमध्ये मिट्ट काळोख. आहेराच्या टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे रचलेले, आणि त्यातल्या दोन गठ्ठ्यांवर उदगीरच्या कमलम्मा आडव्या, तोंडावर ओला रुमाल. बामाचा वास. मी दारातच उभी राहिले. आतून आवाज आला, "अय्यो शिवा, दार लावा! उजेड येऊन राहिला!" दादा, हे वाक्य मी जन्मभर बोलत आले, दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. दार लावून मी विचारलं, डावी बाजू की उजवी? त्या रुमालाखालून म्हणाल्या, "उजवी. तुम्हाला कसं कळालं?" मी म्हटलं, माझी डावी.

मग दुसऱ्या गठ्ठ्यावर मीही पडले आणि आमची जी पहिली खरी बैठक झाली ती तिथे, टॉवेल-टोप्यांवर, अंधारात. त्यांच्या घरी याला तलेनोवु म्हणतात. तले म्हणजे डोकं आणि नोवु म्हणजे दुखणं. गुरुपादप्पांना एवढंच माहीत आहे की हिला मधूनमधून 'थकवा' येतो. लग्नाआधी सांगायचं नाही, मास्तर लोक आहेत, म्हणतील आमची पोर सासूची सेवा करायला देऊन राहिलो का, असं त्यांनाही त्यांच्या थोरल्या जावेने बजावलेलं. मी उठले तशा त्याही लगेच संधी साधून उठल्या, एवढंच. उलट त्यांना वाटलं होतं की त्या साडीकडे बघत नाहीत म्हणून मीच रागावून गेले. कमरेच्या पिशवीतून त्यांनी आपल्या गोळ्या काढून माझ्या हातात दिल्या. अंधारात मी बोटांनी ओळखल्या. माझ्याच, त्या पिवळ्या रंगाची फजिती करणाऱ्या. मी हळूच विचारलं, रंग? त्या म्हणाल्या, "हाव, मी तर कावीळ समजून लई रडले." दोघी इतक्या हसलो की दोघींच्याही कपाळात कळ गेली आणि दोघी एकदम 'आई गं' म्हणालो.

मग त्या जे बोलल्या ते मात्र हसण्यासारखं नाही. त्यांची थोरली सून माप ओलांडून घरात आली त्या दिवशी कमलम्मा आतल्या खोलीत पडून होत्या, वरातीच्या बँडने डोकं फुटत होतं. ओवाळायला जाऊबाई गेल्या. आज इतकी वर्षं झाली, सून चांगली वागते, पण तिला अजून वाटतं की सासूला आपण पसंत नव्हतो म्हणून सासू दारात आली नाही. थकवा म्हणून सांगितलेलं कोणाला खरं वाटतं? "उर्वीला मी दारात उभं राहून ओवाळणार," त्या म्हणाल्या, "आंधळी झाले तरी." मी त्यांचा हात धरला. या बाईला मी किल्ला म्हणत होते, माझीच मला लाज वाटली.

आम्ही बाहेर आलो तोवर घोटाळा होऊन गेला होता. दोन्ही विहिणी गायब बघून, वेळ जायला नको म्हणून, माधवराव आणि गुरुपादप्पा यांनी एकमेकांचा मान राखत आमच्या दोघींच्या साड्या परस्पर काढल्या. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने 'वा' म्हणायचं, आणि 'वा' म्हटलेलं परत घ्यायचं नाही. दोघींना एकसारख्याच. जांभळा रंग, आणि अंगभर चंदेरी नागमोडी रेघा, हलल्या की चमचमतात. डोकं उठायच्या आधी डोळ्यांपुढे ज्या नाचतात त्याच! मी कमलम्मांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. गुरुपादप्पा अभिमानाने म्हणाले, "डोळ्यात भरते का न्हाई?" आम्ही दोघी म्हणालो, भरते. बस्त्याला कुंकू लागलं, गाठ बसली. आता बदलता येत नाही.

पोटाचा छडा लुंबिनीने लावला. घरी येऊन सगळे डबे टेबलावर ओतले आणि बारीक अक्षरं वाचली. पुडीत मॅग्नेशियम, हाडांच्या गोळीत मॅग्नेशियम, झोपेच्या कॅप्सूलमध्ये मॅग्नेशियम, ॲसिडिटीच्या औषधात मॅग्नेशियम, आणि डॉक्टरांचं वेगळं. ते जास्त झालं की पोट धुऊन निघतं म्हणे. "तुम्ही नातेवाइकांचा मान राखला, पोटाने तुमचा नाही राखला," असं म्हणून ती माझ्याच घरचा चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं, उपासांसकट. ते रागावले नाहीत, नुसता चष्मा काढून ठेवला. आता त्यांच्या दोनच गोळ्या, सांगितल्या तेवढ्याच, आणि जेवण वेळेवर. बाकीचे डबे कपाटात वर ठेवले आहेत, भेटायला येणाऱ्यांना दिसतील असे. डोकं पूर्वीपेक्षा कमी उठतं, हे खरं. गोळ्यांनी की जेवणाने की गुपित फुटल्याने, ते मला सांगता येणार नाही. कमलम्मा सांगतात, त्यांचंही तसंच. आम्ही दोघी रोज फोनवर बोलतो. माधवरावांना वाटतं मानपानाचं चाललंय.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, बर्फीला हात लावू देऊ नकोस. तुझ्या दूधवाल्याला सांग, शेळीच्या तुपाने गुण आला. (आला नाही, पण त्याचाही मान आहे.) गुडघ्याला जप, कार्यात तुला पळायचं आहे.

तुझी धाकटी,
सौदामिनी

ता. क. लग्नाचं कार्यालय तू तिकडे नांदेडलाच ठरवलंस, म्हणून एक काम. स्टेजच्या मागची खोली आपल्या नावाने घे. खिडकीला जाड पडदा लाव, खोली आचाऱ्याच्या कढईपासून आणि जनरेटरपासून लांब हवी. आत दोन गाद्या घाल. दुसरी कोणासाठी हे कोणी विचारलं तर पाहुणे आहेत म्हण.

ता. क. २. गुरुपादप्पांनी उदगीरहून बँड ठरवला आहे, त्यात म्हणे नुसती पितळी वाद्यंच जास्त आहेत. त्यांना कारण सांगता येत नाही. तू मुलीचा मामा, रुसायचा तुझा हक्क आहे. बँड दिसला की रूस आणि सनई लावल्याशिवाय उठू नकोस. वहिनी म्हणतील तुला रुसणं जमणार नाही, पण कबुतरांवर रुसतोसच ना?

ता. क. ३. वर लिहिलं की डोकं कमी उठतं. ते वाक्य लिहून झालं आणि पेन ठेवावं लागलं. मधे दोन दिवस गेले, आता पुढचं लिहिते आहे. म्हणजे लग्नाच्या दिवशी काय होईल याचा भरवसा नाही, गोळ्या कितीही घेतल्या तरी. म्हणून हे सगळं पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता सांगते. मुहूर्ताच्या वेळी उर्वीला आणायला तू आत जाशील. आधी मागच्या खोलीत ये. मी पडलेली असले तर उठव. मी नको म्हणेन, रडेन, ओकारी येते म्हणेन, ऐकू नकोस. उजव्या हाताला उर्वीला धर, डाव्या हाताला मला. कमलम्मांना अमरेश बोहल्यावर चढायच्या आधी आणणार आहे, त्याच्याशी माझं बोलणं झालंय. ती जांभळी साडी नेसून आम्ही दोघी डोळे मिटूनच उभ्या राहू, पण 'सावधान' म्हणाले की मला कोपराने ढोस. तेव्हा मी उघडीन.